‘खंयचो?’ आणि ‘रावता खंय?’ : स्थलांतराच्या अभ्यासाचे एक परीक्षण

आपल्या गोमंतकात अनोळखी माणसाला विचारावयाचे प्रश्न दोन. पहिला, ‘तूं खंयचो?’ आणि दुसरा, ‘रावता खंय?’ देवळाच्या अग्रशाळेत उतरलेल्या पाहुण्याला कोणीही वडीलधारा हे दोन प्रश्न याच क्रमाने विचारतो आणि पाहुणाही त्यांची दोन वेगळी उत्तरे देतो. मूळ केळशीचे, राहणे गिरगावात. या उत्तरात काही विसंगती आहे असे विचारणाऱ्याला वाटत नाही, सांगणाऱ्याला तर नाहीच. वस्तुतः केळशी त्याच्या कुळाने कधी सोडली हे त्याला ठाऊक नसते, आणि ज्या देवीच्या दर्शनाला तो आलेला असतो ती स्वतःच केळशीहून कवळ्यास आलेली आहे.

माणसे गाव का सोडतात, कोठे जातात आणि शहर त्यांना कसे सामावून घेते, या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू होऊन आता दीडशे वर्षे होत आली. त्या वाङ्मयाचा मी व्यवसायाने विद्यार्थी नव्हे. परंतु वकिलीच्या धंद्यात ‘रहिवास’ या एका शब्दावर इतके दिवस घालवावे लागतात की, इतर लोक त्या शब्दाचे काय करतात हे पाहण्याची जिज्ञासा उत्पन्न होतेच. त्या जिज्ञासेपोटी गेली काही वर्षे मी हे ग्रंथ आणि जनगणनेचे तक्ते वाचीत आलो आहे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. हा अभ्यास मोठ्या परिश्रमाचा आहे, त्यातील उत्तम ग्रंथ खरोखर उत्तम आहेत. तथापि ज्या साधनांवर तो उभा आहे ती साधने वरील दोन प्रश्नांपैकी एकच प्रश्न विचारतात आणि एकाच उत्तराला जागा ठेवतात.

या शास्त्राचा आद्य पुरुष म्हणून अर्न्स्ट जॉर्ज रावेनस्टाइन याचे नाव घेतात. जन्माने जर्मन, आयुष्य इंग्लंडात गेलेले, आणि व्यवसाय नकाशे काढण्याचा. स्थलांतराला काही निश्चित नियम दिसत नाही, अशा आशयाचे उद्गार विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने काढले होते. त्यांना उत्तर म्हणून रावेनस्टाइनने १८८५ साली ‘स्थलांतराचे नियम’ हा आपला प्रसिद्ध निबंध लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळापुढे मांडला. (आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. याच गृहस्थाने पुढे १८९८ मध्ये वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची रोजनिशी भाषांतरून टीपांसह प्रसिद्ध केली. ज्या सफरीमागून आलेल्या राजवटीने आपल्या देवांना नदी ओलांडावयास लावली, तिचा आणि स्थलांतराच्या नियमांचा संपादक एकच असावा, हा योगायोग मला उगीचच लक्षात राहिला आहे.)

रावेनस्टाइनचे नियम आजही वाचनीय आहेत. बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात. शहरालगतच्या खेड्यातील माणूस शहरात शिरला की त्याची रिकामी जागा अधिक दूरच्या खेड्यातील माणूस भरून काढतो. प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक हलतात. यांतील शेवटची दोन निरीक्षणे विशेष मोलाची आहेत, आणि पुढच्या शंभर वर्षांतील कित्येक विद्वानांनी त्यांकडे काणाडोळा केला ही खेदाची गोष्ट आहे. दोष आहे तो निराळाच. रावेनस्टाइनच्या हाती जनगणनेचे दोन तपशील होते : माणूस कोठे जन्मला आणि मोजणीच्या रात्री कोठे सापडला. नकाशाकाराने दोन ठिपके मांडले आणि त्यांना जोडणारी रेघ काढली. ठिपके खरे, पण त्या रेघेवरून दरवर्षी चतुर्थीला माघारी येणारा माणूस तीत दिसत नाही.

जन्मस्थानाचा ठिपका तरी आपल्याकडे कितपत भरवशाचा? पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. तिचे मूल तीन महिन्यांचे झाले की वडिलांच्या घरी जाते आणि जनगणनेच्या दृष्टीने ते पाळण्यातच स्थलांतरित ठरते! आज बाळंतपणे शहरातल्या इस्पितळांत होतात; तेव्हा सासष्टीतील निम्मी खेडी ‘मूळची मडगावची’ ठरावयास हरकत नाही. हा दोष ध्यानात आल्यामुळेच की काय, आपल्या जनगणनेने १९७१ पासून जन्मस्थानाच्या जोडीला ‘शेवटचे वास्तव्य कोठे होते’ हाही प्रश्न घातला आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारण विचारण्यास आरंभ केला. सुधारणा खरी. परंतु दोन्ही प्रश्न ‘रावता खंय?’ याचीच रूपे आहेत, एक आजचे, एक कालचे.

दुसरा ग्रंथ किंग्स्ली डेव्हिस यांचा, हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्या लोकसंख्येविषयीचा. तो १९५१ साली प्रिन्स्टनहून प्रसिद्ध झाला आणि पुढच्या पिढीच्या हातात प्रमाणग्रंथ म्हणून राहिला. त्याचा एक सिद्धांत असा की, हिंदी माणूस जागचा हलत नाही. १९३१ च्या जनगणनेत आपल्या जन्माच्या प्रांताबाहेर अथवा संस्थानाबाहेर सापडलेली माणसे शेकडा चारांहूनही कमी होती. जातिव्यवस्था, एकत्र कुटुंब, लहान वयातील विवाह, भाषांची विविधता ही त्याची कारणे म्हणून सांगितली गेली. गतिहीन पौर्वात्य खेड्याचे जे चित्र युरोपीय मनात आधीच टांगलेले होते, त्याला आकड्यांची चौकट मिळाली.

हा सिद्धांत न्यायालयात आला असता तर उलटतपासणीला एकच प्रश्न पुरला असता : रत्नागिरी कोणत्या प्रांतात होती? मुंबई इलाख्यात. आणि मुंबई शहर? त्याच इलाख्यात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुंबई शहराची लोकसंख्या दहा-बारा लाख होती आणि तीतील सुमारे पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. गिरण्यांचे साचे, गोदीची हमाली, घरगडी, पोलीस, शिपाई या कामांवर कोकणचे माणूस होते. गिरणगावातील एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे आठ-दहा गडी झोपत आणि खाणावळीत जेवत. पैसे मनिऑर्डरीने गावी जात. १९२१ च्या मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या, आणि तिकडे रत्नागिरीत पुरुषांहून स्त्रिया अधिक. एवढी मोठी उलथापालथ, पण इलाख्याची सीमा ओलांडलेली नाही म्हणून प्रांतवार हिशेबात ती शून्य! साताऱ्याचे, पुण्याचे, नगरचे लोक मुंबईत आले तेही शून्यच. माणसे निश्चल नव्हती, मोजपट्टीवरच्या खुणा फार दूरदूर होत्या.

चिन्मय तुंबे यांच्या २०१८ मध्ये निघालेल्या ‘इंडिया मूव्हिंग’ या इंग्रजी ग्रंथाने या समजुतीचा समाचार घेतला आहे आणि या विषयावरील अलीकडच्या पुस्तकांत मी त्याला वरचे स्थान देईन. काही ठराविक प्रदेशांतून शंभर वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेले, मुख्यतः पुरुषांचे, पूर्णतः कायमचे नसलेले आणि घरी पैसे पाठविण्यावर आधारलेले स्थलांतर, असे त्यांनी एका मोठ्या लाटेचे वर्णन केले आहे, आणि त्यात कोकणपट्टीला तिचे योग्य स्थान मिळाले आहे. आपला माणूस शहरात जाऊनही गावचा राहतो, हे ज्याला ‘मागासलेपणाचे लक्षण’ वाटत नाही असा अभ्यासक भेटला म्हणजे बरे वाटते. लाट अजून ओसरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्या दशकात त्या जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा जवळजवळ पाचांनी घटली, शेजारच्या सिंधुदुर्गाची दोहोंहून अधिक. चिरेबंदी घरे उभी आहेत, कुलपे आहेत, किल्ली शेजारच्या म्हातारीपाशी आहे.

आता शहर म्हणजे काय, या प्रश्नाकडे वळतो. येथे माझी तक्रार ग्रंथकारांविषयी नसून खुद्द व्याख्येविषयी आहे. १९६१ पासून आपल्या जनगणनेने शहराच्या दोन जाती मानल्या आहेत. एक कायद्याने झालेले शहर, म्हणजे जेथे नगरपालिका वा तत्सम संस्था आहे ते. दुसरे जनगणनेचे शहर. दुसऱ्याच्या तीन अटी : वस्ती किमान पाच हजार, दाटी दर चौरस किलोमीटरला चारशे, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी शेकडा पंचाहत्तर शेतीबाहेरच्या कामात. या तीन अटी पुऱ्या झाल्या की खेड्याचे एका रात्रीत शहर होते. तेथे पंचायतच राहते, रस्ता तोच राहतो, कचऱ्याची गाडी येत नसेल तर पूर्वीप्रमाणेच येत नाही.

गोव्याकडे पाहा. २००१ साली आपल्या राज्याची शेकडा पन्नासाच्या किंचित आतली वस्ती नागरी होती. २०११ साली ती शेकडा बासष्टांवर गेली. हे आकडे वाचून बाहेरच्या विद्वानाची समजूत अशी होते की, गोव्याची खेडी ओस पडली आणि माणसे पणजी-मडगावात दाटली. वस्तुस्थिती अशी की, कायद्याने झालेली शहरे दोन्ही वेळी चौदाच होती. जनगणनेची शहरे मात्र तीसांची छप्पन्न झाली. माणूस होता तेथेच राहिला, त्याच्या गावाचा रकाना बदलला. देशभरही ही जात दशकभरात साधारण तेराशे साठांवरून सुमारे एकोणचाळीसशेंवर गेली. यालाच जर आपण ‘शहरांकडे लोंढा’ म्हणणार असू तर लोंढा या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

तिसऱ्या अटीतील ‘पुरुष’ हा शब्द वाचकांच्या नजरेतून सुटला नसेल अशी आशा आहे. शेतात चिखलात वाकून तरवा लावणारी, कणसे झोडणारी, परसातली भाजी बाजारात नेणारी स्त्री या हिशेबात धरलीच जात नाही. नवरा बोटीवर किंवा आखातात, मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात, आणि सासू-सून शेत कसतात, अशा घरांचे गाव ‘शहर’ ठरते, कारण शेती करणारे जे आहेत ते पुरुष नव्हेत. गाव आणि शहर यांतील दरी मोजणाऱ्यांनी प्रथम ही दरी कोणत्या पट्टीने आखली ते पाहावे. स्त्रीची हालचाल मात्र शास्त्राला उदंड दिसते! २०११ मध्ये देशात पंचेचाळीस कोटींहून अधिक लोक स्थलांतरित ठरले. त्यांत दोन-तृतीयांशांच्या आसपास स्त्रिया, आणि त्यांतील बहुतेकींचे कारण विवाह. म्हार्दोळची मुलगी कुंडईत दिली तर ती स्थलांतरित. तिने त्या घरी आल्यावर केलेले काम कोणत्याही अटीत नाही. पलीकडे मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे माणसे दोन, मोजणी एक. तो शब्द निदान प्रामाणिक आहे. त्यात दुसरे माणूस लपवले आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

गाव आणि शहर यांचे नाते तक्त्यात मावत नाही याचे जवळचे उदाहरण सांग्यातील कुर्डीचे. साळावलीचे धरण झाले आणि १९८० नंतरच्या दशकात कुर्डी पाण्याखाली गेली. सुमारे तीन हजार माणसे वालकिणी आणि वाडे येथे नव्या वसाहतींत नेण्यात आली. ते पाणी मडगावला, मुरगावला, दक्षिण गोव्याच्या घरोघरी नळांतून येते. शहराला पाणी मिळावे म्हणून एक गाव बुडाले, हे वाक्य लिहिताना मला कोणावर आरोप करावयाचा नाही. पाणी मीही पितो. मला दाखवावयाचे आहे ते निराळे. दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, पाणी ओसरते आणि कुर्डी वर येते. घरांची जोती, तुळशीवृंदावने, विहिरींचे काठ दिसू लागतात. तेव्हा कुर्डीकर परत जातात, सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, उत्सव करतात, आणि पाऊस पडला की गाव पुन्हा नाहीसे होते. जुने महादेवाचे दगडी देऊळ तर तत्पूर्वीच दगड दगड सोडवून धरणाजवळ नेऊन उभारले गेले. हे लोक कोठले? ‘शेवटचे वास्तव्य’ या प्रश्नाला उत्तर देण्यास त्यांना एक वेळ लिहून झाले की काम संपले. आज चाळीस वर्षांनी, वालकिणीत जन्मलेल्या नातवाला तर तो प्रश्नही लागू नाही, जनगणनेच्या दृष्टीने तो जागचा हललेलाच नाही. पण त्याला विचारा, ‘तूं खंयचो?’ तो जे गाव सांगेल ते वर्षातून महिनाभरच अस्तित्वात असते.

या कुर्डीनेच मोगूबाई कुर्डीकर दिल्या, जशा केरीने केसरबाई केरकर दिल्या. दोघींचे गाणे मुंबईने ऐकले. आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागते त्यात एक गंमत आहे : जो गावातच राहिला त्याला गावच्या नावाची ओळख लागत नाही. कुर्डीत सगळेच कुर्डीचे. ‘कुर्डीकर’ व्हावयाला कुर्डी सोडावी लागते. मराठी-कोकणी आडनावांची एखादी मोठी यादी घेऊन बसले तर ती स्थलांतराची एक वहीच ठरेल, आणि ती वही ‘खंयचो?’ याच प्रश्नाचे उत्तर देणारी आहे.

साधनांच्या अपुरेपणाची किंमत काय असते, हे २०२० च्या मार्चमध्ये दिसून आले. त्यापूर्वी तीन वर्षे, २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून असा अंदाज बांधण्यात आला होता की, राज्याराज्यांमध्ये दर वर्षी कामासाठी सरासरी नव्वद लाख माणसे हलत असावीत. तिकिटावरून माणूस मोजण्याची ही कल्पना मला फार आवडली. कोठे जन्मलास, कोठे राहतोस हे काहीच न विचारता, तू गेलास एवढे ती टिपते. मागील सर्व अंदाजांहून हा आकडा मोठा होता. तरीही २५ मार्चला टाळेबंदी झाली तेव्हा कोणत्या शहरात किती माणसे गावी जाण्यासाठी अडकून पडली आहेत, हे कोणालाही सांगता आले नाही. गाड्या बंद होत्या म्हणून ती पायी निघाली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला असता, वाटेत मृत्यू पावलेल्या मजुरांची माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर सरकारकडून देण्यात आले. टीकाकारांनी त्या उत्तरावर संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. मला त्यात नवल वाटले नाही. जो माणूस दोन्ही ठिकाणचा असतो, त्याला मोजावयाची कोणत्याही एका ठिकाणी कोणाची जबाबदारी नसते.

कायदा या बाबतीत शास्त्राहून शहाणा आहे असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण अनुभव तसा नाही. परराज्यातून आलेल्या मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला त्यात मजूर तोच, ज्याला कंत्राटदाराने आणले. जो आपल्या भावाचा हात धरून आला, तो त्या व्याख्येबाहेर. २०२० च्या संहितेने ही व्याख्या रुंद करून स्वतः आलेल्यालाही आत घेतले, म्हणजे चाळीस वर्षांनी. मतदार-यादीचा विषय तर माझ्या रोजच्या परिचयाचा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे जो जेथे ‘सामान्यतः राहतो’ तेथे त्याचे मत. केवळ घर आहे म्हणून तो तेथला रहिवासी ठरत नाही. उलट, तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तेथला नाही असेही होत नाही. ही दोन वाक्ये कलमात शेजारी शेजारी आहेत आणि सारे वाद या दोहोंच्या मधल्या फटीत राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. तीस वर्षे मुंबईत, खोली भाड्याची. गावी वडिलार्जित घर, चतुर्थीला आणि जत्रेला हजर. यादीतील त्यांच्या नावाला हरकत आली आणि ती टिकली. मी बाजू मांडली, हरलो, आणि मला वाटते निकाल कायद्याला धरूनच होता. त्याच महिन्यात ते आपल्या देवस्थानच्या समितीवर निवडून आले. एका वहीतून नाव गेले, दुसऱ्या वहीने त्यांना अधिकार दिला.

ही दुसरी वही म्हणजे महाजनांची यादी. तिच्याकडे स्थलांतराचे साधन म्हणून कोणी पाहिले असल्यास मला आनंद वाटेल. सोळाव्या शतकात सासष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि देवळे पाडली जात होती. तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, महालसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून अंत्रुजात आले, दामोदर मडगावहून जांबावलीस गेला. देव तेथे स्थिर झाले, भक्त मात्र पुढे पांगले : कारवार, मंगळूर, कोची, बेळगाव, मुंबई. अंत्रुजही पुढे १७६३ साली त्याच राजवटीखाली आले. तथापि तोवर काळ बदललेला होता. ज्याला आपण माझानी कायदा म्हणतो त्या १९३३ च्या नियमाने महाजनांची नोंद लेखी आणि पक्की केली. तीत माणूस कोठे राहतो यावर त्याचा हक्क अवलंबून नाही. तो कोणत्या कुळाचा यावर आहे. म्हणजे ‘खंयचो?’ हा प्रश्न कायद्यात बसविणारी ही एक दुर्मिळ वही.

माझ्या माहितीतल्या एका देवस्थानाने जुन्या याद्या तपासण्याचे काम माझ्याकडे दिले होते. नावांपुढे कोणा कारकुनाने पेन्सिलीने राहण्याची ठिकाणे लिहून ठेवली होती : हुबळी, मुंबई, पुन्हा मुंबई, कारवार, एके ठिकाणी ‘आफ्रिका’. काही नावांपुढे मुंबई खोडून परत गाव लिहिले होते. हाच तो रावेनस्टाइनचा उलटा प्रवाह, पेन्सिलीत. दोन दुपारी मी त्या पानांवरून उठलो नाही. जनगणनेच्या जाड खंडांत जे मला सापडत नव्हते ते त्या समासात होते.

परंतु परीक्षकाने आपल्या घरच्या वहीलाही तोच माप लावला पाहिजे. या यादीत स्त्री नाही. पुरुषाच्या वंशाने नाव चालते. कुंडईत दिलेली मुलगी जनगणनेत निदान स्थलांतरित म्हणून तरी दिसते, येथे ती कोठेच नाही. देवाची सेवा करणारी, गाणारी, दिवटी धरणारी घराणी या यादीत नाहीत. ती जमाखर्चाच्या वहीत आहेत, वेतनाच्या रकान्यात. मोगूबाई आणि केसरबाई ज्या समाजातून आल्या त्याचा देवळाशी संबंध कोणत्याही महाजनापेक्षा कमी जुना नव्हता, पण ‘खंयची?’ याचे लेखी उत्तर त्यांना यादीने दिले नाही. आणि ज्याला या प्रश्नाचे उत्तरच नाही त्याचे काय? कवी नारायण सुर्वे यांना मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल म्हणून एका गिरणी-कामगाराने वाढविले. ‘खंयचो?’ या प्रश्नाला त्यांच्यापाशी गाव नव्हते, ‘रावता खंय?’ याला मात्र त्यांनी आपल्या साऱ्या कवितेतून उत्तर दिले. मराठीत शहरावर पुष्कळ लिहिले गेले, त्यात बरेचसे गावाकडे तोंड करून रडलेले आहे. सुर्वे रडले नाहीत, कारण पाठीमागे गाव नव्हते. कुळाची वही कितीही जुनी असो, अशा माणसापुढे ती गप्प बसते. आज आपल्या देवळांच्या पायऱ्यांशी शेवंतीच्या माळा विकणाऱ्या, घाटावरून आलेल्या बायांची मुले आपल्याहून चांगली कोकणी बोलतात. त्यांना आपण ‘भायली’ म्हणतो. ती जन्मली येथेच, राहतात येथेच. जनगणनेच्या दोन्ही ठिपक्यांवर ती गोमंतकीय आहेत. त्यांच्या बाबतीत शास्त्राचा अपुरा प्रश्न आपल्या पुऱ्या प्रश्नापेक्षा अधिक न्यायाचा आहे, हे मला कबूल केले पाहिजे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेची अधिसूचना २०२५ च्या जूनमध्ये निघाली आणि तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला. सोळा वर्षांच्या अंतराने होणाऱ्या या मोजणीकडे या विषयाचे सारे अभ्यासक डोळे लावून बसले आहेत. शहराच्या व्याख्येतला ‘पुरुष’ हा शब्द निघावा, आणि ‘वर्षातून किती काळ दुसरीकडे काढता, तेथे घर आहे काय’ असा एक साधा प्रश्न विचारला जावा, अशी माझी इच्छा आहे. ती कोणी ऐकेल अशा भ्रमात मी नाही.

देवस्थानच्या यादीपुरते मात्र काही करता येण्याजोगे होते. गेल्या सभेत मी असा ठराव मांडला की, पेन्सिलीतल्या त्या समासाचा रीतसर रकाना करावा, राहण्याचे ठिकाण दर पाच वर्षांनी नव्याने लिहावे, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे व गावे वेगळ्या पानावर नोंदवावीत. हक्क म्हणून नव्हे, निदान माहिती म्हणून. पहिल्या दोन कलमांना तत्काळ अनुमोदन मिळाले. तिसऱ्यावर बरीच चर्चा झाली आणि ते पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आले.